उरलेल्या आठ बिया

ताई : आणि हे फडकं? हे तर मी टाकून दिलं होतं ना?

भाऊ : डब्यातून परत काढलं. तीनदा धुतलंय ताई, पिठाचा कण नाही त्यात.

ताई : डॉक्टर काय म्हणाले होते? पीठ, पोती, बेकरीच्या भट्टीवरचे कपडे, सगळं घराबाहेर. काम सोडून आठ महिनेच झालेत अजून. रात्रभर वॉर्डात लोकांच्या छात्या ऐकायच्या आणि घरी आलं की तुझी. मला नाही रे झेपत आता.

भाऊ : आता वाजते का शिटी? ऐक. नाही ना? मग बूट काढ आधी. चहा टाकू?

ताई : नको, झोप उडेल. फ्रिजवर काय झाकून ठेवलंयस?

भाऊ : काही नाही.

ताई : काही नाहीला फडकं कशाला लागतं?

भाऊ : रोपं आहेत. झिनियाची. तुझी चाहूल लागली म्हणून झाकली. आज चौथा दिवस. बघ, पण हात लावू नकोस.

ताई : आठच? मागे तर म्हणालास, पाकिटात चाळीस बिया आहेत.

भाऊ : होत्या. आधीच्या मेल्या.

ताई : बत्तीसच्या बत्तीस? काय केलंस तरी काय?

भाऊ : जे सव्वीस वर्षं केलं तेच. माती चाळली, कोमट पाणी घातलं, सोळा बिया टाकल्या, वर ओलं फडकं आणि ट्रे उबेला. कणीक अशीच ठेवतात. आणि फुगेपर्यंत उघडायची नाही, हे तर हातात बसलेलं. चौथ्या दिवशी फडक्याचा कोपरा उचलला, तर सगळी वर आलेली! मी म्हटलं, वा रे पठ्ठे. अजून थोडी येऊ देत म्हणून परत झाकली.

ताई : मग?

भाऊ : अजून चार दिवसांनी ही एवढी, बोटभर उंच. पांढरी, दोऱ्यासारखी. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! फडकं काढलं आणि सगळी एका अंगावर आडवी झाली. पुन्हा उठलीच नाहीत.

ताई : आणि दुसऱ्या खेपेलाही तेच?

भाऊ : मला वाटलं, ऊब कमी पडली. म्हणून दोन फडकी घातली.

ताई : अरे देवा. मला हसू येतंय, पण हसायचीसुद्धा ताकद नाही. अरे, उजेड लागतो त्यांना, एवढंही कळलं नाही?

भाऊ : कळलं, खालच्या काकूंनी सांगितल्यावर. त्या म्हणाल्या, ती उंच झाली नव्हती रे बाबा, उजेड शोधत होती बिचारी. ते ऐकलं आणि दिवसभर जेवण गेलं नाही मला. मी इकडे कौतुक करतोय आणि ती तिकडे जीव काढतायत.

ताई : फुलझाडंच आहेत ती. दुसरं पाकीट आण.

भाऊ : आणीन गं. पण दिवस कुठून आणू? रोपवाटिकेच्या बाईंनी महिना दिलाय. म्हणाल्या, एक ट्रे घरी उगवून आणा, चार-चार पानं आलेली रोपं दाखवा, मग लगेच या कामाला. भट्टीवाल्याला मातीतलं काय कळतं, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यातले चौदा दिवस मी फडक्याखाली घालवले.

ताई : मला का नाही सांगितलंस, कामाचं आहे म्हणून? मला वाटलं, वेळ जात नाही म्हणून खेळतोयस.

भाऊ : सांगितलं असतं आणि झालं नसतं तर? आठ महिने तुझ्या घरात बसून खातोय. तू येतेस तेव्हा मी जागा, जातेस तेव्हा मी जागा, आणि मधे काय केलंस म्हणून विचारलंस तर सांगायला काही नाही. मला लाज वाटते ताई. एवढी एक गोष्ट माझ्या हातून उभी राहायला हवी.

ताई : बरं. पण मग या आठांना उजेड कुठून देतोयस? या खोलीच्या खिडकीसमोर तर भिंत आहे.

भाऊ : देतो. कसातरी देतो.

ताई : कसातरी म्हणजे?

भाऊ : तू झोप जा. डोळे बघ कसे झालेत.

(दारावर थाप पडते. खालच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या.)

काकू : उठलाय ना शेठ? अगंबाई, तूही आलीस वाटतं ड्यूटीवरून! मग बरंच झालं. हे घे, याचा दम्याचा पंप. कालपासून आमच्या जिन्यात पडला होता. मी म्हटलं, कुणाच्या पायाखाली यायचा.

ताई : पंप? जिन्यात?

भाऊ : काकू, ते मी नंतर घेतलं असतं.

काकू : नंतर कधी? काल कसा बसला होतास पायरीवर, आठवतंय ना? भिंतीला टेकून, तोंड उघडं, मांडीवर तो ट्रे. मी पाणी आणलं, तर म्हणतो कसा, आधी ट्रे धरा. तिरका नका करू!

ताई : काल? मला म्हणालास, दिवसभर पडून होतो.

काकू : पडून? हा? चार दिवस झाले, याची वरात चाललीय. सकाळी उन्हाची तिरीप आमच्या जिन्यात येते, तेव्हा तिथे. मग खाली कुंपणाच्या भिंतीवर. दुपारी सायकली लावतात तिथे. मग पुन्हा वर. कडेवर पोर घेतल्यासारखा घेऊन फिरतो. मी म्हटलं, मेल्या, बहिणीच्या खोलीत एवढी उन्हाची खिडकी आहे, तिथे ठेव की! तर ट्रे उचलून चालू लागला.

भाऊ : काकू, तुमचं दूध उतू जाईल.

काकू : गॅस बंद करूनच आलेय. जाते, कळलं मला. पण पंप खिशात ठेवत जा बाबा. आणि तू झोप गं, पडशील उभ्या उभ्या.

ताई : दार लाव. आणि बस इथे.

भाऊ : चिडू नकोस.

ताई : चिडायला अंगात जीव लागतो. तीन मजले? दिवसातून चारदा? तुझी छाती कशी आहे, तुला माहितीय ना? आणि मघाशी मला ऐकवत होतास, शिटी वाजते का म्हणून. पंप मारून बसला होतास ना? पण पंप तर खाली होता!

भाऊ : जुना होता एक. त्यात थोडं शिल्लक होतं.

ताई : खिडकी का नाही मागितलीस?

भाऊ : त्या खिडकीवर तुझा काळा पडदा आहे. तो उघडला की तुला झोप नाही. आणि झोप नसली की काय होतं, तूच सांगितलंस. परवा अकरा नंबरची सलाईनची बाटली घेऊन बारा नंबरपाशी उभी होतीस. डॉक्टरांचं लक्ष गेलं म्हणून. घरी येऊन बादलीभर रडलीस. आठ रोपांसाठी मी तो पडदा उघडायला सांगू?

ताई : मग मी या खोलीत झोपले असते.

भाऊ : झोपून बघितलंस ना दोनदा? पाण्याची मोटर डोक्यात फिरते म्हणालीस. मी पण सगळा हिशोब करून बघितला, ताई. काही बसत नाही. तुला अंधार हवा, त्यांना ऊन हवं, आणि खिडकी एकच.

ताई : आज किती दिवस उरले?

भाऊ : बारा.

ताई : बारा दिवस तू जिने चढणार?

भाऊ : हळू चढतो.

ताई : आणि एक दिवस काकू वर येऊन मला सांगणार की तो पायरीवर बसला होता आणि उठलाच नाही. ट्रे आण माझ्या खोलीत.

भाऊ : नाही ताई.

ताई : तुला विचारलेलं नाही मी. आण म्हटलं ना! इथे, खिडकीच्या कट्ट्यावर ठेव. औषधाच्या बाटल्या सरकव तिकडे. हं. आता ते फडकं दे.

भाऊ : ते कशाला?

ताई : झाकायचंच असेल कुणाला तर मला झाक. डोळ्यांवर ठेव.

भाऊ : तुला चालतं का डोळ्यांवर काही? लहानपणी आंधळी कोशिंबीर खेळताना डाव आला की रडत घरी पळायचीस. गुदमरतं म्हणायचीस.

ताई : अजूनही गुदमरतं. पण तुझ्यासारखं नाही. बांधू नकोस, नुसतं टाक. दोन घड्या कर.

भाऊ : ओलसर आहे अजून.

ताई : असू दे. डोळ्यांची आग होतेय, बरं वाटतंय. आता उघड पडदा.

भाऊ : उघडला. उजेड येतोय का आत?

ताई : थोडा, खालच्या कडेने. तिथे जरा दुमड. हां. आता पावाचा वास येतोय.

भाऊ : तीनदा धुतलंय गं.

ताई : हो रे बाबा, कळलं. नाही टाकून देत आता. ट्रे दर दोन तासांनी फिरव. नाहीतर सगळी खिडकीकडे वाकतील.

भाऊ : हे तुला कुणी सांगितलं?

ताई : अंथरुणाला खिळलेल्यांची कूस बदलतो आम्ही दर दोन तासांनी. तेच असेल. आणि फिरवताना पाय न वाजवता ये.

भाऊ : चपला काढून येईन.

ताई : रोपं दाखवायला मी येते तुझ्याबरोबर. ड्यूटीवरून परस्पर. त्या बाईंना सांगते, भट्टीवाला आहे, पहाटे उठायची सवय...

भाऊ : हो, सांग. आणि ट्रे तूच धर.

भाऊ : ताई?

भाऊ : झोपलीस? बरं. झोप. तू उठेपर्यंत नाही काढत मी फडकं.