गोऱ्याचा घास

माझं माहेर उमरग्याकडलं आन् सासर हितलं, परंड्याच्या पल्याड, एसटीतनं उतरून फुडं चालतच यावं लागतं. लगीन होऊन आले आन् लढाईच्या वक्ताला, काय सांगू तुमाला मास्तर, आमच्या माळाव बॉम्बाचं इमान पडलं. लढाई कुठं, आमी कुठं! तवा निजामाचं राज. मिल्ट्री आली, घावली ती मानसं घेऊन गेली, इमान तितंच ऱ्हायलं. पत्रा लोकांनी नेला, कुनाच्या गोठ्याव गेला, कुनाची परात झाली, आता नुस्तं इंजान आन् सांगाडा हाय.

मागनं मामंजींना, म्हंजी माझ्या सासऱ्यांना, शेरडं वळताना वगळीत, माळावरल्या वढ्यात, एक गोरा घावला, मेलेला. लई कोवळं पोर व्हतं म्हनायचे. मिल्ट्री तर कवाच गेल्ती, पाटील म्हनले गप ऱ्हावा, पोलिस तुमालाच धरत्याल. मग मामंजींनी त्याला वगळीच्या कडंलाच पुरला, वर धोंडा ठिवला. त्याच्या गळ्यात दोऱ्यात ववलेल्या दोन चकत्या व्हत्या, एक लाल, एक हिरवी. मामंजी म्हनले ताईत हाय, आईनं बांधला आसंल, दुसऱ्याच्या गळ्यातला ताईत काढू न्हाय. तसाच ऱ्हाऊ दिला.

तवापास्नं पितरांच्या आवसंला आमच्या मानसांचे घास निघत्यात तसा त्याचाबी निघतो. पन घास ठिवताना नाव घ्यावं लागतं मास्तर. आजेसासऱ्याचं घेतो, चुलत्याचं घेतो, ह्याचं काय घ्यावं? बिननावाचा घास पोचतो का? मामंजी गेल्यापास्नं हेच मला खातंय.

निजाम गेला, राज बदललं, मग इमान बघाया लोक याया लागले. सायकलीवर येत्यात, जीपमधी येत्यात, माझी ज्वारी तुडवत जात्यात, तरी म्या पानी देते, वाट दावते. इंजनावरले आकडे लिहून घेत्यात, फोटू काढत्यात, तुकडा खिशात घालत्यात. म्या हरेकाला म्हनते, दादा, त्या पोराचं नाव तेवढं कळवा. व्हय मावशी, कळवतो. कोन कळवतंय!

मागल्या साली मिल्ट्रीतनं सुटलेला एक सायब आला. चकत्यांचं सांगितलं तर त्यानं कपाळालाच हात लावला. मावशी, तो ताईत न्हवं, त्याच्यावच नाव आसतंय, मेल्याव वळखू यावं म्हनून घालत्यात. म्या म्हनलं, आवं, इतकी वर्सं नाव नाव करत दुनियेच्या पाया पडले आन् नाव आमीच पुरलं व्हतं! सायब म्हनला, उकरा. म्हनलं, तुमीच उकरा, कुदळ देते. तर घड्याळ बघितलं, म्हनला एसटी चुकंल. मालकांना सांगितलं तर ते म्हनले निजलेल्याला उठवायचं न्हाय. गावात तर कुनी ऐकूनबी घेईना. आसा संताप येतो मास्तर, सगळ्यांचा येतो. मामंजींचा तेवढा येत न्हाय, त्यांनी मायेनंच केलं.

औंदाच्या आवसंला घराच्या पत्र्याव घास ठिवला. बाकीचे कावळ्यानं उचलले, ह्याच्याला शिवंना. ऊन कलाया आलं, घरातली उपाशी. मग म्या चिडलेच, म्हनलं, बाबा, मला वाचता येत न्हाय आन् कुनी वाचून दिलं न्हाय. तुझं नाव तुझ्याच गळ्यात हाय. तूच घे तुझं नाव, आन् ये जेवाया.