भरलेल्या भांड्याचा पोचा

मंडळी, ऐका! आज कीर्तनाच्या सुरुवातीलाच एक सवाल टाकतो. भांड्याला पोचा पडला – तर काय करावं? काढावा? झाकावा? की शेजारणीनं पाडला म्हणून सांगावं?

हसलात! मागच्या रांगेतल्या बायका जरा जास्तच हसल्या. म्हणजे अनुभव दांडगा आहे!

पोचा आणि पोच, एका कान्याचं अंतर बघा. पोचा कुणालाही पडतो. पोच मात्र सगळ्यांना नसते! तर ऐका.

तांबट आळीत वडक्यांचं घर. घरात अप्पा वडके. बंब म्हणा, घागर म्हणा, अप्पांनी लाकडी मोगरी उचलली की पोचा असा निघायचा, जणू भांडं आजच बाजारातून आलंय! पण वय झालं. हात कापायला लागले. तरी सकाळी ओसरीवर ऐरणीपुढं बसायचे, एखादं जुनं तांब्याचं भांडं घेऊन ठोकत राहायचे. पोटासाठी नाही हो! आपण अजून कशाला तरी आहोत, एवढ्यासाठी!

अप्पांची मुलगी वृंदा. नवी नोकरी, घरी बसून काम. कंपनीनं लॅपटॉप दिलेला – ॲल्युमिनियमचा, चकाचक, आरशासारखा! आणि घरची सून हेमांगी. कामाला वाघ, मनानं चांगली. फक्त कुणी बोललेलं सहन होत नाही. आहे का कुणाच्या घरी अशी? – नको, हात वर करू नका, शेजारी सासूबाई आहेत!

एका सकाळी वृंदा लॅपटॉप मिटून ओसरीवर ठेवून आंघोळीला गेली. अप्पा देवळात. हेमांगी आली झाडायला. एका हातात केरसुणी, दुसऱ्या हातात स्वतःचा चहा. आता लॅपटॉप उचलायचा कसा? बाईनं डोकं लढवलं – लॅपटॉपचाच केला ट्रे! वर ठेवला कप, आणि निघाली ऐटीत!

कप घसरला. कप सावरायला गेली – आणि लॅपटॉप सुटला. कुठं पडला? ओसरी केवढी मोठी! पण नाही. पडला तो नेमका ऐरणीच्या कडेवर!

ठण्ण!

कोपरा आत. चांगला अंगठा बसेल एवढा पोचा!

हेमांगीनं लॅपटॉप झटकन उचलला. उघडून बघितलं – दिवा लागला, पडदा उजळला. "चालू आहे! म्हणजे काही झालंच नाही!"

वा गं माझे बाई! आतलं चालू आहे ना, मग बाहेरचं झाकलं की हिशेब मिटला! कशानं झाकलं सांगा. जत्रेतून आणलेलं कालिकामातेचं स्टिकर! बसवलं बरोबर पोच्यावर. जगाची आई, पण तिला बसवलं कशाच्या पहाऱ्यावर? सुनेच्या चुकीच्या!

वृंदा म्हणाली, "वहिनी, हे काय?"

"दृष्ट नको लागायला, वन्सं. नवी नोकरी आहे तुमची."

"किती करता हो तुम्ही माझ्यासाठी!"

बघा! खोटं बोलली आणि वर कौतुक जमा!

पण मशीन तापतं, मंडळी. डिंक सुटला. देवीनं हळूच एक कोपरा उचलला – आणि पोचा वृंदाच्या बोटाला लागला.

"कुणी केलं हे? कंपनीचं मशीन आहे! मी काय तोंड दाखवू?"

 आणि मग मुकुंदाची, हेमांगीच्या नवऱ्याची, नजर गेली ओसरीवर. ऐरण. मोगरी. आणि तिथं बसलेले अप्पा, ज्यांचे हात कापतात. वृंदाचीही नजर तिकडंच. आरोप कुणी केला नाही हो. नुसतं बघितलं! चूक कुणाची, आणि नावे कुणाच्या पडली!

"अप्पा, तुमच्याकडून काही...?"

अप्पांनी आपल्या हातांकडं पाहिलं. "असेल बाई. मला हल्ली आठवत नाही."

"उद्यापासून ठोकाठोकी बंद," मुकुंदा म्हणाला. "आज लॅपटॉप, उद्या मोगरी कुणाच्या डोक्यात पडेल!" आणि त्यानं हत्यारं पोत्यात भरायला घेतली.

हेमांगी कुठं होती? चुलीपाशी. पोळी लाटत होती. एक वाक्य! 'मी पाडला', बस! जिभेवर आलं, दातापर्यंत आलं, आणि पोळीबरोबर लाटलं गेलं. पोळी करपली, बाईनं दुसरी लाटायला घेतली.

रात्री जेवताना अप्पांनी विचारलं, "सूनबाई, मी आज औषध घेतलं का गं?" खरं तर त्यांना आठवत होतं. पण आता भरवसा वाटेना! पाण्याचा पेलासुद्धा दोन्ही हातांनी धरला. हेमांगीनं ते पाहिलं, आणि पोळी वाढायला वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमांगी बाहेर येऊन बघते तर – अप्पा ऐरणीपुढं! पोत्यातून एक मोगरी काढून घेतलेली. मांडीवर उताणा लॅपटॉप! कोपरा ऐरणीला टेकवलेला.

"अप्पा, काय करताय!"

"पोचा काढतोय. माझ्या हातून पडला, माझ्याच हातानं जायला हवा. पोरीला खाली बघायला नको."

हात वर गेला. आणि कापतोय! मोगरी हवेत डुलतेय – आणि खाली? वृंदानं एकदाच सांगितलं होतं: या पत्र्याखाली बॅटरी आहे, चेपली तर पेट घेते!

"थांबा, अप्पा!"

थांबतात होय? जन्म गेला ठोकण्यात. मोगरी आणखी वर गेली.

"ठोकू नका! पेटेल ते!"

"तांबटाला शिकवू नकोस, सूनबाई."

काय करावं? धावावं, तर मोगरी खाली येणार. आणि तेव्हा, मंडळी, तिच्या तोंडून तो शब्द निघाला – जो त्या घरात आल्यापासून अप्पांच्याच तोंडून रोज तिच्या कानावर पडला होता –

"अप्पा! ते भांडं भरलेलं आहे!"

मोगरी जागच्या जागी थांबली!

तांबटाचा हात काहीही ठोकेल, पण भरलेलं भांडं ठोकणार नाही! आधी ओतायचं, मग ठोकायचं. आतलं पाणी धक्का उलटा देतं, आणि जोडाची शिवण उकलते.

अप्पांनी मोगरी खाली ठेवली. "भरलेलं? मग आधी रिकामं करून दे."

आणि हेमांगी अप्पांच्या पुढं येऊन बसली. रिकामं काय करायचं होतं, ते तिला बरोबर कळलं.

"अप्पा, मी पाडला. मीच. चहाचा कप ठेवला होता वर. स्टिकर मीच लावलं."

अप्पा रागावले? नाही. ओरडले? नाही. त्यांनी आपले दोन्ही हात पुढं धरले, उलटे केले, सुलटे केले, आणि विचारलं –

"म्हणजे... माझ्या हातून नाही?"

"नाही, अप्पा."

"मला आठवत नव्हतं... ते बरोबरच होतं?"

"बरोबर होतं. तुम्ही देवळात होतात."

म्हातारा लहान मुलासारखा रडला, मंडळी! पत्र्याला पडलेला पोचा नुसता दिसायला होता, बाकी मशीन ठणठणीत. पण हेमांगीच्या गप्प बसण्यानं दुसरा एक पोचा पडला होता. म्हाताऱ्याला वाटायला लागलं होतं – आपलं डोकं गेलं!

दारात वृंदा उभी होती, केस ओले. सगळं ऐकलेलं. "वहिनी, पोच्याचं मला काही नाही. पण रात्री अप्पा पेला दोन्ही हातांनी धरत होते, ते तुम्ही बघत होतात ना?"

"बघत होते, वन्सं." हेमांगीनं मान खाली घातली.  

वृंदानं कंपनीला खरं तेच कळवलं. तिकडून काय आलं? "चालतंय ना? मग वापरा." बस! ज्याच्यासाठी घर हादरलं, त्याचं तिकडं कुणाला काही नव्हतं! आणि मुकुंदानं हत्यारांचं पोतं आपल्या हातानं ओसरीवर आणून उपसलं.  मग मोगऱ्या एकेक पुसून बापापुढं ठेवत बसला.

पोचा तसाच आहे. स्टिकर नाही.

आता तुमच्याकडं वळतो. चुळबुळ नको! घरी गेल्यावर बघा, कुठं कुठं देवाची स्टिकरं लावलीत. उपासाचं एखादं, दानाचं एखादं, तीर्थयात्रेचं मोठं रंगीत! हळूच उचला कोपरा. खाली कुणाचा पोचा आहे, आणि तो कुणाच्या नावे टाकलाय? तो माणूस घरातच असेल. पेला दोन्ही हातांनी धरत असेल.

मी मघापासून ठोकतोय. पण भरलेल्या भांड्यावर माझी मोगरी चालत नाही. तेव्हा आरतीला हात जोडायच्या आधी, ज्याला काही ओतायचं आहे त्यानं घरचा रस्ता धरावा, बिनधास्त उठावं! आई कालिका रागावणार नाही. पहाऱ्यावर उभं राहून तिचेही पाय दुखलेत!