स्थानिक पालक

...आणि वर म्हणे माहितीपुस्तिका. अहो, पुस्तिका म्हणजे लहान पुस्तक ना? हे दोनशे पानांचं. दीप्तीला मुंबईत एम.एस्सी. करायचंय, त्या विद्यापीठाचं. पहिल्याच पानावर 'विद्यार्थीसंख्या लाखांत', आणि तेही अभिमानानं लिहिलंय हो... तुम्हाला सांगतो, मी तलासरीकडच्या पाड्यावर गुरुजी, आमच्या शाळेत मुलं एकेचाळीस. बारक्या आला नाही तर अकराला मला कळतं, मधल्या सुट्टीत मी त्याच्या दारात. आणि इथे लाखांत माझी एक पोरगी, एक दिवस दिसली नाही तर... हजेरी कोण घेणार?

दीप्ती म्हणते, "बाबा, तिकडे कार्ड असतं, मशीनला लावायचं." मशीनला काय कळतं, पोरीला ताप आहे ते?

पुढचं पान उलटावं तर विद्यापीठ आणखी वाढलेलं. पान अकरा, 'परिसरात अंतर्गत बससेवा'. म्हणजे या वर्गातून त्या वर्गात जायला बस. मला तलासरीची एसटी पाऊण तास उभं करते ते परवडलं, ती जाते तरी तलासरीलाच. इथे पोरगी भलत्या बसमध्ये बसली, रसायनशास्त्राऐवजी कायद्यात उतरली, मग? हजेरी कोण घेणार?

असली पुस्तकं आमच्याकडे दीप्तीची आई, नयना वाचायची. ती वाचायची, मी सही करायचो. तिला जाऊन तीन वर्षं झाली. आता वाचतोही मीच आणि घाबरतोही मीच.

तर शेवटच्या पानावर वसतिगृहाचा अर्ज, मुदत शुक्रवारपर्यंत. त्यात एक रकाना, 'स्थानिक पालकाचे नाव'. आता माझ्याइतका स्थानिक कोण, तुम्हीच सांगा. जन्म डहाणूचा, सासुरवाडी चिंचणीची, नोकरी तलासरीची. फळ्यावर काढतो तशा अक्षरात लिहिलं, काशीनाथ, आणि पुढे, 'जन्मापासून स्थानिक'.

शुक्रवारी वसतिगृहाच्या खिडकीवरच्या बाईंनी ते वाचलं, शेजारच्या टेबलालाही वाचायला दिलं. मग म्हणाल्या, "काका, स्थानिक म्हणजे मुंबईतला. पोरगी आजारी पडली तर ताबडतोब कोण येणार?"

"मी येईन."

"कुठून?"

"डहाणूहून."

"किती वेळ लागतो?"

मी पेनाला टोपण लावलं. तीन वर्षांपूर्वी नयनाला घेऊन मी त्याच रस्त्यानं मुंबईला गेलो होतो. किती वेळ लागतो ते मला पक्कं ठाऊक आहे.

"नाव नाही तर खोली नाही," बाई म्हणाल्या. आणि तुम्हाला खरं सांगतो, क्षणभर मला बरं वाटलं. नाव नाही, खोली नाही, पोरगी घरी, हजेरी पूर्ण. पण शेजारी बघतो तर दीप्तीनं अर्ज परत घेतला होता. माझं ते 'जन्मापासून स्थानिक' खोडरबरानं हळूहळू खोडत होती. पेनानं लिहिलेलं, ते काय जातंय...

मग बाहेर येऊन बोरिवलीला फोन लावला. नयनाचा धाकटा भाऊ, रवींद्र. दिवसकार्यानंतर आमचं बोलणं नव्हतं, भांडण नाही, नुसतंच नव्हतं. तो एकदम घाबरून, "भावजी, कोण गेलं?"

"कुणी नाही रे, दीप्ती जातेय... म्हणजे शिकायला."

मग म्हणाला, "ताईची पोरगी आणि मला विचारताय? घाला नाव. आणि इथे जेवून जा."

रविवारी तिला पोचवून घरी आलो. फ्रिजवर कागद, दीप्तीचं अक्षर: 'बाबांच्या स्थानिक पालक, बायजी. वेळ, रोज संध्याकाळी सात.' बायजी म्हणजे शेजारीण, बाजारात सुकी मासळी विकते, आवाज पार स्टेशनपर्यंत जातो. कागद बघतोय तोवर सात वाजले आणि दारात बायजी. "मास्तर, जेवलास? गॅस बंद केलास? गोळी घेतलीस?" आणि आता रोज हेच, एक दिवस खाडा नाही...

एकेचाळीस पोरांचा मी गुरुजी, उंबऱ्यात उभा राहून काय म्हणणार?

हजर, बाई.