ज्ञानोबांची तिरकी रेघ

ज्ञानोबा नसते ना, तर माझी पहिलीच नोकरी गेली असती, राव. छप्पन्न-सत्तावन्न साल असेल. पिंपरीच्या एका कारखान्यात मी कार्डांना भोकं पाडायचो. मुंबईतलं यंत्र ती भोकं वाचायचं; त्याची सगळी आठवण म्हणजे ही कार्डं. एका कार्डात ऐंशी अक्षरं मावायची. एका सुट्या भागाची माहिती तेवढ्यात बसत नसे, म्हणून तीन-तीन कार्डं लागोपाठ ठेवायची. भागाचा नंबर फक्त पहिल्यावर. क्रम मोडला की संपलं!

आणि मुंबईच्या गाडीत चढवायची कार्डांची पेटी चिंचवड स्टेशनवर माझ्याच हातून सुटली. दोन हजार कार्डं फलाटभर पसरली. मी मटकन खाली बसलो. अजून नोकरीत कायमही झालो नव्हतो.

सोबत आमचे शिपाई ज्ञानोबा होते, तिथल्याच गावठाणातले. कार्डं गोळा करत म्हणाले, "सायेब, उठा. गठ्ठ्याच्या कडंवर म्या निळ्या पेन्सिलीनं तिरकी रेघ मारलीया. दर कार्डावर तिचा ठिपका जरा फुडं सरकलेला हाय. रेघ जुळवत जावा, कार्डं जाग्यावर येत्यात."

दुपारची गाडी चुकली, पण संध्याकाळच्या गाडीला पेटी चढली, एकूण एक कार्ड जागच्या जागी. माझे डोळे भरून आले. विचारलं, "ज्ञानोबा, तुम्हाला हे सुचलं कसं?"

"मागल्या साली माज्याच हातनं पेटी पडली व्हती. तवाच्या सायबांनी चार दिस बसून कार्डं लावली, पर माजं नाव वर कळू दिलं न्हाई. ते तर बदलून गेले. म्हनलं, त्यांचं उपकार दुसऱ्या कुनाला तरी फेडू."