माती गोठायच्या आत

— नाही, तिथे खड्डा नको रे, लॉर्न. तिथून विहीर जवळ. म्हणजे अगदी जवळ नाही, पण जवळच. आणि धान्याच्या कोठ्यांमागे म्हणशील तर तिथे खाली नुसता दगड आहे — कुंपणाचे खांब रोवताना वडिलांच्या पहारी वाकल्या होत्या तिथे. वडील शांत माणूस, पण त्या दिवशी युक्रेनियनमधले काही शब्द आम्हा दोघी बहिणींना पहिल्यांदा कळले. तू बस आधी. खोदायचं मशीन काय पळून जातंय? कॉफी घे. खाली काय बघतोस — फरशी उघडी का? गालिचा तबेल्यात आहे. हो, हाच, बैठकीतला निळा. आमच्या सार्जंटच्या पायाखाली घातलाय. म्हातारा घोडा, सिमेंटवर घसरतो ना तो. नेटी म्हणाली, स्टेफी, आईचा गालिचा आहे तो. म्हटलं, आई आता कुठे चालणार आहे त्याच्यावर?

आणि मी काही हळवी वगैरे नाही, हं. हळवी ती. नेटी. मांजर मेलं तरी तिला दोन रुमाल लागतात. मी शेतकरी बाई, आमच्याकडे जनावरं येतात, जनावरं जातात. तुला फोन तिनंच केला ना? बघ. मला न विचारता. म्हणजे — विचारलं होतं. जेवताना म्हणाली, लॉर्नला बोलवू का, माती गोठायच्या आत खड्डा काढून ठेवेल. मी म्हटलं, बटाटे इकडे सरकव. आता ह्याला कुणी होकार म्हणेल का? तिनं म्हटलं. तिचा नवरा गेल्यापासून ती इथे येऊन राहिलीय, तेव्हापासून मी काही बोलले की तिला त्यातून होकारच ऐकू येतो.

तुला आठवणार नाही, तू शाळेत असशील तेव्हा. बर्फ वितळायला लागलं होतं, कुंपणाची तार तुटून बर्फाखाली गाडली गेलेली, काटेरी, आणि सार्जंट गुरांच्या मागे गेला तो थेट तिच्यात. मागचा डावा पाय. हाड दिसत होतं, खोटं नाही सांगत. आणि काय केलं असेल त्यानं? काही नाही. दुसरे घोडे तारेत अडकले की वेड्यासारखे लाथा झाडतात, पाय तोडून घेतात स्वतःचा — हा उभा. मी घरी जाऊन पक्कड घेऊन येईपर्यंत उभा, जसा काही बसची वाट बघतोय. जनावरांचे जुने डॉक्टर आले, वाकून बघितलं, टोपी काढली. म्हणाले, गोळी घाला, स्टेफी. नेटी तेव्हा सुट्टीला आलेली, तीही म्हणाली गोळी घाला — रडत म्हणाली, पण म्हणाली. मी म्हटलं, उन्हाळा जाऊ दे. मग उन्हाळाभर गार पाण्याची नळी धरून त्या पायाशी उभी राहायचे, सकाळी आणि संध्याकाळी. करणार काय तिथे? बोलायचे. गव्हाचं, पावसाचं, चर्चमध्ये कोण कुणाशी बोलत नाही त्याचं. तो ऐकायचा. ऐकायचा म्हणजे — एक कान माझ्याकडे असायचा. माझ्या नवऱ्याचा तेवढाही नसायचा. देव त्याला सुखात ठेवो, तिकडे विनिपेग शहरात, त्या बाईसोबत.

तर बरा झाला. लंगडायचा, पण बरा झाला. गुरांमागे धावायचं बंद, पण रविवारी लोकांची पोरं पाठीवर घेऊन अंगणात फिरायचा, एखाद्या म्हाताऱ्या पाद्र्यासारखा. आता बिघडलाय तो पाय हा डावा नाहीच. सगळ्यांना वाटतं तोच. उजवा बिघडलाय. डावा पाय जपून टाकायचा ना, म्हणून इतकी वर्षं सगळा भार उजव्यानं घेतला, निमूट, आणि आता तोच म्हणतो बास. नवी डॉक्टर आली होती, कर्स्टन — पोरगी चांगली आहे, हात थंड आहेत पण. फोटो काढले पायाचे, मला पडद्यावर दाखवले, म्हणाली सांधा झिजलाय, दुखण्यावरची पूड आता पुरत नाही, आणि जानेवारीत बर्फावर पडला तर दोरखंड लावूनही उठायचा नाही. आणि तेव्हा जमीन लोखंड झालेली असेल, पुरायलाही यायचं नाही. ठरवा म्हणाली, लवकर. सगळं बरोबर बोलली. मी तिला केक बांधून दिला, आणि ती गेल्यावर मनात म्हटलं, ही परत नाही आली तर बरं.

केलं नाही असं काय ठेवलंय? ती पूड काकवीत कालवून दिली, तर काकवी खातो आणि पूड ओठानं बाजूला काढतो, आमच्या नेटीसारखा, ती कांदा काढते तसा. नालबंदाकडून उंच टाचेचे नाल करून घेतले. त्यानं बसवले, आणि सार्जंटनं माझ्याकडे असं बघितलं की मीच शरमले. रेडिओ लावून ठेवते. तिकडे सस्कटून शहराजवळ एक बाई म्हाताऱ्या घोड्यांना ठेवून घेते, तिला फोन केला, ती लगेच हो म्हणाली — पण तिथवर ट्रेलरमध्ये उभा कसा राहणार तो? मग मीच नाही म्हटलं. आणि खरं सांगू, तिचा आवाज मला नाही आवडला. फार गोड होता. खसखशीचा पाव घे ना. घे, घे, नेटीनं केलाय, खसखस जास्त झालीय पण चालेल.

काय? त्याच्या पायांच्या पट्ट्या? अरे, थंडीच्या आहेत त्या. नुसत्या. लाल आहेत कारण लाल लोकर घरात होती. — पुढच्या पायांनाच का म्हणजे? पुढच्या पायांना थंडी वाजत नाही? — बरोबर, दुखणं मागे आहे. मागे आहे मान्य. तुझा बाप पण असाच, गप्प बसायचा आणि नको ते बघायचा. काही नाही रे. खरचटलंय थोडं. खुरावरचे सांधे, पुढून. मलम लावते, वर पट्टी गुंडाळते, कुणाला दिसायला नको — म्हणजे, धूळ लागायला नको.

कशानं खरचटलं? तेच मला कळेना. वाटलं, दाराला घासत असेल. मग एक दिवस दुपारी बादली पालथी घालून बसले तिथे, रेडिओ चालू. ऊन येत होतं आत. त्याचे डोळे मिटले, मान खाली, आणखी खाली, आणखी — आणि एकदम पुढचे पाय गेले. दोन्ही. सांध्यांवर आपटला आणि दचकून उभा राहिला. माझ्याकडे बघितलं. मग परत डोळे मिटले. परत तेच. लोक म्हणतात घोडा उभ्यानं झोपतो. डुलकी काढतो उभ्यानं. झोपायला त्याला आडवं व्हावंच लागतं, थोडा वेळ का होईना, नाहीतर अंग ऐकत नाही. आणि हा आडवा होत नाही, लॉर्न. आडवा झालो तर उठता यायचं नाही, हे त्याला कळलंय. कापणी झाल्यापासून त्या पेंढ्यावर अंगाचा ठसा नाही. इतका जाड पेंढा घातलाय, मी झोपेन त्याच्यावर — एवढाही दबलेला नाही. मी रोज बघते. सकाळी नेटी उठायच्या आत जाते आणि हातानं दाबून विस्कटते तो मधोमध. मग ती येते, बघते, म्हणते, अगं झोपला वाटतं. मी म्हणते, झोपला.

हे तिला सांगू नकोस हं.

— काय माहीत आहे तिला? — फोनवर? तुला सांगितलं तिनं? — पट्ट्यांचंही? आणि पेंढ्याचं? ...

मग मला कशी नाही बोलली? रोज सकाळी त्या दारात उभी राहून म्हणायची, झोपला वाटतं. रोज. आणि मी हो म्हणायचे, आणि ती माझ्या बाह्यांना चिकटलेल्या काड्या काढायची. मला वाटायचं टापटीप आहे म्हणून काढते. आम्ही दोघी काय बायका आहोत रे.

ये इकडे, खिडकीपाशी. बघ, बाहेर आणलंय तिनं त्याला. भिंतीच्या आडोशाला, वारा नाही तिथे. हनुवटी ठेवलीय बघ त्यानं तिच्या खांद्यावर, आणि ही बया उभी राहिलीय तशीच. तिचं वजन ते किती, पिशवीभर, आणि तो रेलतोय. डोळे मिटलेत त्याचे. आत्ता पाय जातील — नाही. धरलं तिनं. — परत गेले. बघितलंस? ... दिवसभर करतो तो हे. दमलाय रे. नुसता दमलाय. मी त्याला काकवी देते, नाल देते, गालिचा देते, आणि त्याला पाहिजे काय तर झोप.

पॉपलरच्या झाडांपाशी खोद. उतारावर, वरच्या अंगाला, तिथे पाणी साचत नाही. आणि मोठा खोद. लोक लहान खोदतात आणि मग पाय दुमडून घालतात, मी पाहिलंय, ते माझ्याकडे चालायचं नाही. पाय सरळ राहिले पाहिजेत चारही. डॉक्टरला फोन मी करते. मी, नेटी नाही. उद्या दुपारी ये म्हणते, ऊन असताना, आणि इंजेक्शन बाहेर गवतावर दे म्हणते. डोकं मी धरीन. नेटी रडेल, रडू दे, तिला उभं राहून रडता येतं.

आता मी जाते त्याच्यापाशी. तुझ्या मशीनचा आवाज झाला की बिचकेल तो, म्हणून मी मान धरली की मग सुरू कर, आधी नाही. — कोट मला घालता येतो, बस तू. कप राहू दे तिथेच, पाव घेऊन जा हवा तर, मुलांना होईल. आणि काम झालं की सरळ निघून जा, लॉर्न. निरोप घ्यायला आत येऊ नकोस. जा.