हे कोणी कोणाला सांगितलं?

नुसता चहा दे गं, सोमवार आहे माझा. आणि जरा टेकू दे.

आठवडाभर सासूबाईंची समजूत घालून थकलेय. त्यांना मोबाइलवर मेसेज आला, मेथीचं पाणी प्या, शुगरच्या गोळ्या सोडा, पुराणात लिहिलंय. झालं, गोळ्या बंद. म्हणाल्या, "पुराणापुढे तुझा डॉक्टर काय?"

म्हटलं, पुराणच आणून दाखवते. चंदनसारच्या घरून चालत वाचनालयात गेले, तर सगळ्या टेबलांवर परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं. ग्रंथपाल ग्रेसीबाई म्हणाल्या, "पुस्तक मागणाऱ्या आज तुम्ही पहिल्याच, ताई." मेसेज वाचून त्यांनी एवढंच विचारलं, "हे कोणी कोणाला सांगितलंय?"

खरंच की, पुराणात प्रत्येक गोष्ट कोणीतरी कोणाला तरी सांगितलेली असते. आपल्या कहाण्यांतही शंकर पार्वतीला सांगतात. इथे सांगणाऱ्याचं नावच नाही.

घरी येऊन सासूबाईंना तेच विचारलं. त्यांनी चष्मा लावून मेसेज दोनदा वरून खाली पाहिला. "नाही बाई कोणाचं नाव," म्हणाल्या आणि गोळीसाठी हात पुढे केला. मी मनातल्या मनात महादेवाला नमस्कार केला.

गोळी गिळून हळूच म्हणाल्या, "सूनबाई, मी तो भजनी मंडळातल्या सगळ्यांना पाठवलाय."

तेव्हापासून आम्ही दोघी एकेकीला फोन करतोय. चौदा जणींशी बोलून झालं. तू फोन उचलत नाहीस, म्हणून तीन जिने चढून आले. खरं सांग, आज गोळी घेतलीस ना?