कोळशाच्या सोंडेवरचा चकवा

ऐका. आन् त्या शेकोटीत लाकूड सारा कुणीतरी, नुसतं बघत काय बसलाय!

आमच्या वरल्या माळावर ठकूबाई सुईण व्हती. सांजंला खालून सागपाड्याचा माणूस धापा टाकत आला. म्हणला, "मावशे, नवशीला कळा लागल्यात. पोर आडवं हाय." नवशी म्हंजे ठकूबाईची एकुलती एक लेक! निरोप्या जाग्यावरच आडवा झाला, पाय सुजलेले त्याचे. मग काय, ठकूबाई एकटीच निघाली. अवसेची रात. कंदील घेतला, तो पहिल्याच खिंडीत वाऱ्यानं विझला.

पन बाई घाबरती व्हय? आपल्या लोकांची अंधारातली वाट हातानं चालते. वर कड्याला कारवी. तिच्या खाली हिरडा, जांभूळ. आन् पार खाली साग, ऐन. झाड बदललं की समजायचं, एवढं उतरलो. आन् घाणेरीचा वास आला की वाडी आली. घाणेरी दाट रानात येत न्हाई, मानसानं रान मोडलं तिथंच माजते.

कारवी सुटली. हिरडा लागला. आन् तेवढ्यात पुढं उजेड! एक बाप्या कंदील धरून उभा.

"मावशे, इकडनं चल. जवळची वाट हाय."

ठकूबाईच्या मनात पाल चुकचुकली. ह्यो कोन? आन् कंदील जळतोय, तर घासलेटाचा वास कसा न्हाई? पन लेक तिकडं तडफडतेय. गेली बिचारी मागं मागं. पायाला उतार लागत व्हता, चांगला उतार. सवयीनं हात बाजूला घातला, तर हाताला काय? कारवी! अरं, कारवी तर वर सोडली! पाय म्हनतात उतरतेस, झाड म्हनतं चढतेस. कुणाचं खरं मानायचं, सांगा!

"मावशे, झाडं कशापाई चाचपतीस? माझ्या मागं ये की." त्यानं वळून पन पाहिलं न्हाई.

ती कचरली. तोवर नाकात घाणेरीचा वास घुसला. अंगाला काटेरी फांद्या लागल्या. आली वाडी! बाईच्या जिवात जीव आला. आन् पुढनं लेकीची हाक.

"आये! आये गं, मेले!"

ठकूबाई धावली. धावली आन् ठेचकाळून एका खुंटावर पडली. खुंट चाचपला. बुडातनं तोडलेला! आता बघा, भाताचं वाफं भाजायच्या राबासाठी आपण ऐनाच्या फांद्या खुडतो, बुंधा कधी तोडत न्हाई. वाडीजवळ असा खुंट कसा? आन् वाटंत सागाचं एक पान हाताला लागलं न्हाई. सागाबिगर सागपाडा?

तिनं धोंडा उचलून पुढं टाकला. आवाज न्हाई... न्हाई... मग लई खोल, टुक.

कडा, बाबांनो! दोन पावलांवर कडा. आन् कंदील? कंदील कड्याच्या पल्याड, हवेत!

"आये, येतेस ना गं?"

पोटच्या पोरीचा आवाज. ठकूबाईनं खुंटाला मिठी मारली आन् ढसाढसा रडली. खरंच नवशी असली तर? तरी तिनं त्या हाकेला पाठ दिली. हाका मागनं येतच व्हत्या. बाई चाचपत निघाली. कारवी, हिरडा, जांभूळ. मग पत्रावळीएवढं खरखरीत पान. साग! तिनं ते पान गालाला घासलं.

कोंबडा आरवायच्या आत पोचली. तेल लावून पोर हळूहळू फिरवलं. मुलगी झाली. नवशीबी वाचली.

डोंगराच्या त्या सोंडेवर, जिथं तो कडा हाय, आधी अंजनीचं दाट रान व्हतं. ते असतं तर कारवी संपल्या संपल्या अंजनी हाताला लागली असती, आन् वाट चुकली हे कळून ठकूबाई तिथंच थांबली असती. रान कोळशासाठी तोडलं, घाणेरी माजली, आन् वाडीची खूण खोटी पडली. तिथंच चकव्याला बसायला जागा झाली. लोक म्हनतात ठेकेदारानं तोडलं. अरं, ठेकेदारानं कुऱ्हाड तरी हातात धरली व्हती का? मी धरली व्हती. दोन उन्हाळे. आन् ठकूबाई माझी थोरली बहीन.

तेव्हा दिवस बुडाल्यावर त्या सोंडेनं जाऊ नका. कुणी किती का हाका मारंना. ठकूबाई मरेपर्यंत मला विचारायची, "धाकल्या, ती झाडं कुणी रं तोडली?" आन् मी म्हनायचो, मला काय ठावं.